हुरूप ओसरल्यावर

बोईसरच्या आमच्या एका स्नेह्यांनी परवा आमच्यापुढे एक जाडजूड वही ठेवली आणि विचारले, "बुवा, ही आता बंबात घालू का?" गेली तीन वर्षे हे गृहस्थ एक कादंबरी लिहीत आहेत. नोकरी कारखान्यात, पाळीची. दिवसपाळी असली की रात्री लिहायचे, रातपाळी असली की दुपारी. दोनशेच्या आसपास पाने झाली आणि हात थांबला, तो सात महिने थांबला. "आधी लिहिण्यापायी झोप लागत नसे, आता वही पाहिली की झोप येते," हे त्यांचेच शब्द.

वाचक म्हणतील, कादंबरीची ही चौकशी आपल्याला कशाला? पण आमच्या मते त्यांचा प्रश्न कादंबरीपुरता नव्हता. मन जिथून उठून गेले ते काम नुसत्या हाताने पुरे करावे काय, आणि केले तर ते खरे म्हणावे की सोंग, असा तो होता. वारीत चाललेल्या माणसाला तो नवा नाही. आळंदीहून निघताना पाय जमिनीला लागत नाहीत. दिवेघाट चढताना ते चांगलेच लागतात. पंढरपूर तर अजून कितीतरी मुक्काम पुढे असते. तिथे कोणी म्हणत नाही की, माझा उल्हास सरला, आता चालणे ढोंगाचे होईल, सबब मी परततो. टाळ वाजत असतो, पाऊल पडत असते, आणि मन मागाहून धापा टाकीत येते. कधी कधी तर येतही नाही.

परंतु हा दृष्टांत देऊन आम्ही मोकळे झालो असतो तर स्नेह्यांवर अन्याय झाला असता. वारीची वाट आखलेली आहे, बरोबर दिंडी आहे. लिहिणारा एकटा, आणि वाट त्यानेच पाडायची. शिवाय हुरूप टिकला आणि काम झाले अशी उदाहरणे लोकांच्या तोंडी फार असतात, त्यानेही माणूस खचतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' ९ फेब्रुवारी १९३३ रोजी लिहायला घेतली आणि १३ तारखेला पहाटे पुरी केली. पाच दिवस! तिथे हुरूप ओसरायला सवडच कुठे होती? पण टॉलस्टॉयसारख्या माणसाने १८७३ त 'अ‍ॅना कॅरेनिना' हाती घेतली, मध्येच तिचा वीट आला, तसे त्याने मित्रांना पत्रांतून कळवलेही, आणि तरी १८७७ पर्यंत ती शेवटास नेली. वाचणाऱ्याला त्या कंटाळ्याचा वास कुठल्या पानाला येतो, हे आम्हांस तरी सांगता यायचे नाही. उलट आपल्याकडे हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' चालवता चालवता एवढे लिहिले, तरी त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्यांतल्या एकीचे नाव 'कर्मयोग' असावे, याचे आम्हांस हसूही येते आणि वाईटही वाटते. म्हणजे अपुरे राहणे हा काही गुन्हा नव्हे. मोठ्यांचेही राहते.

तेव्हा आम्ही स्नेह्यांस उलट विचारले, मन उडाले ते कोणत्या पानाला?

आधी ते टाळत होते. मग बोलले. कादंबरी त्यांच्या समुद्रकाठच्या मूळ गावाची. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण उठली, हे त्या बाजूला सर्वांस ठाऊक आहे. आमच्या स्नेह्यांनी अशाच एका उठलेल्या गावाची गोष्ट मांडली. म्हाताऱ्यामाणसांकडे बसून, त्यांचा चहा पिऊन, एकेकीची हकिगत उतरून घेतली. दीडशे पाने लेखणी धावली, कारण दुष्ट माणसे सगळी गावाबाहेरची होती. पुढे मोबदल्याचा प्रसंग आला. घरातल्या विधवा आत्याचा हिस्सा तिला न विचारता भावांनी आपसांत वाटून घेतला होता, आणि त्या भावांत स्नेह्यांचे वडील होते. वडील आज हयात नाहीत. आत्या आहे, ऐंशीच्या पुढची. तिने हे सांगितले तेही भांडणाच्या सुरात नव्हे, तांदूळ निवडता निवडता.

आता सांगा, हा कंटाळा होता काय? आम्हांस तर वाटते, ज्याला ते हुरूप म्हणत होते तो आपण गावाचे वकील झालो या गोडीचा मोठा भाग होता. सत्य घराच्या उंबऱ्याशी आले तशी गोडी पळाली, आणि पळताना कंटाळ्याचे पांघरूण घेऊन पळाली. खरा कंटाळाही असतो, नाही असे नाही. विषयच पोकळ निघाला, आपण उसने बोलत होतो असे कळले, तर वही खुशाल मिटावी, कोणी दोष देऊ नये. पण इथे पोकळ काही नव्हते. उलट जड होते म्हणून हात लुळा पडला.

ते म्हणाले, "पण मन नसताना लिहिले तर ते खोटेच ना? वाचणाऱ्याची फसवणूक." आम्ही म्हटले, वाचणारा अजून आहे कुठे? हा कच्चा खर्डा आहे, आणि खर्ड्याला वाईट असण्याची मुभा आहे. वाकडा लिहिलेला प्रसंग उद्या सरळ करता येतो. न लिहिलेला कसा करणार? तुमच्याच बाजूची लावणी पाहा. राब भाजताना, पेरताना माणसाला हौस असते. रोपे उपटून मुठी बांधून बांधावर पडली की मग हौस असो नसो, कंबर मोडो, ती चिखलात गेलीच पाहिजेत. त्या म्हाताऱ्यांच्या हकिगती तुम्ही उपटून आणल्या आहेत. त्यांतल्या दोघी या सात महिन्यांत गेल्या, हे तुम्हीच सांगितलेत. नाथांचे भावार्थ रामायण युद्धकांडात थांबले तेव्हा पुढचे गावबाने पुरे केले, असे परंपरा सांगते. तुम्हांला गावबा कुठला? त्या कहाण्या दुसऱ्या कोणाच्या वहीत नाहीत.

एवढे बोलून आम्हीच जरा ओशाळलो. कारण वडिलांचे नाव उघडे पाडा असे मुलाला सांगणे सोपे, आणि आमचे वडील काही त्या कादंबरीत नव्हते. पितृऋण हेही ऋणच आहे. त्यावर आमच्याजवळ धड उत्तर नव्हते, आजही नाही. इतकेच सुचले की छापावे की नाही हा प्रश्न पुढचा. आधी लिहून तर होऊ द्या. आणि लिहिण्यापूर्वी एकदा आत्यांकडे जा. वही घेऊन नको, नुसते जा.

ते गेले. आत्या म्हणाली म्हणे, "लिही बाबा, पण तुझा बाप त्या रात्री जेवला नव्हता, तेही लिही." हे स्नेह्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

या महिन्यात त्यांची रातपाळी आहे. दुपारी एक पान, क्वचित दीड. अक्षर पूर्वीइतके देखणे नाही, खाडाखोडही फार. गोडी परत आली का, म्हणून आम्ही विचारले. "नाही आली," म्हणाले, आणि वही पिशवीत घालून गाडीची वेळ झाली म्हणून उठले.