सामर्थ्य कोठे राहते? ॲम्प्लिफायर, लोड आणि शक्तिवाद

एखाद्या वस्तूचे सामर्थ्य त्या वस्तूतच वसते, की इतर वस्तूंशी तिचा जो संबंध जुळतो त्यातून ते उपजते, हा भारतीय दर्शनांतील जुना आणि कसून चर्चिला गेलेला प्रश्न आहे. मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील शक्तिवाद ही त्याचीच शास्त्रीय मांडणी होय. या वादातील उदाहरणे अग्नी, बीज आणि कुंभाराचा दंड यांची असल्यामुळे आजच्या वाचकाला तो पोथीपुरता वाटण्याचा संभव असतो. मोटारीत सबवूफर, म्हणजे खर्जातला गंभीर नाद देणारा मोठा स्पीकर, बसवताना त्याच्या तारा ॲम्प्लिफायरला कशा जोडाव्यात या व्यावहारिक निर्णयात मात्र तोच प्रश्न सगळ्या अंगांनी उभा राहतो, आणि तेथे तो आकड्यांत मोजता येत असल्यामुळे दोन्ही पक्षांची परीक्षा अधिक काटेकोरपणे करता येते.

ॲम्प्लिफायर हा स्थूलमानाने व्होल्टेजचा पुरवठादार असतो. आपल्या टोकांशी किती व्होल्टेज ठेवायचे हे तो आलेल्या संगीताच्या संकेतानुसार ठरवतो. त्यातून किती विद्युतधारा वाहावी हे मात्र त्याला जोडलेला लोड, म्हणजे धारा ओढणारा स्पीकर, ठरवतो. धारेला होणाऱ्या अडथळ्याचे माप ओहम या एककात सांगतात. अडथळा सर्व कंप्रतांना सारखाच असेल तर त्याला रोध म्हणतात. कंप्रतेनुसार बदलणाऱ्या एकूण अडथळ्यासाठी ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये इंपिडन्स ही संज्ञा रूढ केली. व्होल्टेजच्या वर्गाला या अडथळ्याने भागले की वॅट मिळतात. ॲम्प्लिफायर २० व्होल्ट देत आहे असे धरले, तर ४ ओहमच्या लोडमध्ये ५ अँपिअर धारा वाहून १०० वॅट खर्च होतात, २ ओहममध्ये १० अँपिअर आणि २०० वॅट, तर १ ओहममध्ये २० अँपिअर आणि ४०० वॅट. प्रत्यक्षात बॅटरी आणि पॉवर सप्लाय यांच्या मर्यादेमुळे ही वाढ पुरती दुप्पट होत नाही, पण तिची दिशा हीच राहते.

मोटारीत ही गणिते विशेष महत्त्वाची ठरतात, कारण तेथील बॅटरी अवघी १२ व्होल्टची असते आणि इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे ते व्होल्टेज फार तर १४.४ च्या आसपास जाते. ते वाढवण्याची वेगळी यंत्रणा नसेल, तर ४ ओहमच्या स्पीकरला तात्त्विक हिशेबानेसुद्धा साधारण २६ वॅटच्या पलीकडे काही मिळू शकत नाही. म्हणूनच घरातील स्पीकर बहुधा ८ ओहमचे असतात, मोटारीतील ४ ओहमचे असतात, आणि सबवूफरच्या बाबतीत तर व्होल्टेज वाढवणारा पॉवर सप्लाय असूनही २ किंवा १ ओहमपर्यंत उतरण्याची प्रथा पडली आहे.

आता ज्यांत प्रत्येकी ४ ओहमच्या दोन व्हॉइस कॉइल आहेत असे दोन सबवूफर घेतले, तर एकूण चार कॉइल हाती येतात. व्हॉइस कॉइल म्हणजे चुंबकाच्या फटीत हलणारे आणि स्पीकरचा कागदी पडदा पुढेमागे ढकलणारे तांब्याचे वेटोळे. एकसर जोडणीत, म्हणजे एकीचे टोक दुसरीला अशा क्रमाने जोडल्यास, ओहमची बेरीज होते. समांतर जोडणीत, म्हणजे सर्वांची धन टोके एकत्र आणि ऋण टोके एकत्र केल्यास, धारेला वाटा वाढतात आणि एकूण अडथळा घटतो. चारही कॉइल एकसर जोडल्या तर लोड १६ ओहमचा होतो, प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल एकसर आणि मग ते दोन सबवूफर समांतर जोडले तर ४ ओहमचा, आणि चारही समांतर जोडल्या तर १ ओहमचा. वर धरलेल्या २० व्होल्टवर याचा अर्थ अनुक्रमे २५, १०० आणि ४०० वॅट असा होतो. ॲम्प्लिफायर तोच, सबवूफर तेच, पेटी तीच. बदलली ती केवळ तारांची जोडणी, आणि निष्पत्तीत सोळा पटींचे अंतर पडले. हे ४०० वॅट मग कोणाचे म्हणावेत?

मीमांसकाचे उत्तर असे की कार्य घडवणारी शक्ती हा वस्तूच्या दृश्य रूपाहून वेगळा पदार्थ मानला पाहिजे. त्याचा आवडता दाखला अग्नीचा आहे. चंद्रकांत मणी जवळ ठेवला असता अग्नी दिसायला होता तसाच राहतो, पण जाळत नाही, आणि मणी दूर केला की पुन्हा जाळू लागतो. तेव्हा दृश्य अग्नीखेरीज त्याच्यात दाहक शक्ती असली पाहिजे, जी मण्याने नष्ट होते आणि मणी दूर झाल्यावर पुन्हा उपजते. ही शक्ती डोळ्यांना दिसत नाही; भाट्ट मीमांसक तिला अर्थापत्तीने जाणतात, म्हणजे जे मानल्यावाचून दिसलेल्या गोष्टीची उपपत्तीच लागत नाही ते मानणे भाग पडते या प्रमाणाने. प्राभाकरांनी तर शक्तीला पदार्थांच्या यादीतच स्वतंत्र स्थान दिले.

यावर उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत आणि पुढे चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनी तत्त्वचिंतामणीत जो प्रतिवाद केला, तो विचारांच्या इतिहासातील एक अत्यंत सुंदर प्रतिवाद आहे. त्यांच्या मते कार्य एका कारणाने होत नाही, तर कारणांच्या सामग्रीने, म्हणजे आवश्यक त्या सर्वांच्या एकत्र येण्याने होते, आणि प्रतिबंधकाचा अभाव हादेखील त्या सामग्रीचाच एक घटक असतो. मणी जवळ असता अग्नीतून काहीही नाहीसे झालेले नसते. सामग्री अपुरी पडलेली असते, इतकेच. प्रत्येक वेळी अदृश्य शक्तीचा नाश आणि पुनर्जन्म कल्पिण्यापेक्षा हे मत लाघवाचे, म्हणजे कमी गोष्टी गृहीत धरणारे आहे.

ॲम्प्लिफायरमध्ये या वादाचा जणू प्रयोगच पाहायला मिळतो. १ ओहमपर्यंतच चालण्यासाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरला कोणी प्रत्येकी २ ओहमच्या चार कॉइल समांतर जोडल्या, तर लोड अर्ध्या ओहमचा होतो. २० व्होल्टला ४० अँपिअर धारा मागितली जाते, आणि आतल्या ट्रान्झिस्टरांतील उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढू लागते. संरक्षक मंडल शाबूत असेल तर ते आवाज तोडते आणि प्रोटेक्टचा दिवा लागतो. जोडणी दुरुस्त करून ॲम्प्लिफायर पुन्हा चालू केला की तो पूर्ववत वाजतो. मधल्या काळात त्याची शक्ती नष्ट झाली होती असे कोणताही कारागीर म्हणणार नाही, आणि त्याचे हे न म्हणणे पूर्णपणे न्यायमताला धरून आहे. संरक्षण अपुरे पडून ट्रान्झिस्टर जळाले, तरीही दोष ॲम्प्लिफायरचा नसतो की सबवूफरचाही नसतो, कारण दोघेही आपापल्या मापाला खरे असतात. दोष जोडणीत असतो.

येथे घाईने असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल की संबंध हेच सर्वस्व आहे आणि वस्तूला स्वतःचे असे काहीच नसते. कोणत्याही ॲम्प्लिफायरला न जोडलेल्या ४ ओहमच्या कॉइलला मल्टिमीटर लावला तर साधारण साडेतीन ओहमचा रोध दिसतो, आणि तो कॉइलचा स्वतःचाच असतो. नव्यन्यायाने यासाठी एक मार्मिक भेद केला आहे. रानात पडलेल्या दंडात घट घडवण्यास उपयोगी पडण्याची योग्यता असते, तिला स्वरूपयोग्यता म्हणतात. तोच दंड कुंभाराच्या हाती येऊन चाक फिरवतो आणि घट प्रत्यक्ष घडतो, तेव्हाच्या कारणतेला फलोपधायकता म्हणतात. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावरचे ‘१ ओहमला ४०० वॅट’ हे वाक्य स्वरूपयोग्यतेचे विधान आहे, आणि त्यातील ‘१ ओहमला’ हा भाग गाळून उरलेला आकडा सांगितला की ते विधान अर्धवट न राहता असत्यच होते. पण ‘४ ओहम’ हा कॉइलवरचा आकडासुद्धा नाममात्रच असतो. वाजत असताना कॉइल चुंबकीय क्षेत्रात हलते आणि त्या हालण्यामुळेच तिच्यात उलट दिशेचे व्होल्टेज निर्माण होते, त्यामुळे अनुनादाच्या कंप्रतेजवळ तिचा इंपिडन्स कित्येक पटींनी वाढतो. बंद पेटीत बसवलेल्या सबवूफरच्या इंपिडन्सच्या आलेखात असे एक शिखर दिसते, पोर्ट असलेल्या पेटीत दोन दिसतात. म्हणजे पेटीतील हवाही त्या आकड्यात सहभागी असते. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढत असल्यामुळे १०० अंशांनी तापलेली कॉइल थंड कॉइलपेक्षा जवळपास ४० टक्के अधिक अडथळा करते. ज्याला वस्तूचा अंगभूत गुण समजावे, त्याचाही बराच भाग असा सामग्रीतून आलेला निघतो.

जुळणी म्हणजे समानता, हा समजही याच ठिकाणी तपासला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मॉरित्झ फॉन याकोबी याने दाखवून दिले की उगमाचा अंतर्गत रोध ठरलेला असेल, तर लोडचा रोध त्याच्याइतकाच असताना लोडला जास्तीत जास्त वॅट मिळतात. पण त्या स्थितीत तेवढेच वॅट उगमातही उष्णतेच्या रूपाने वाया जातात. आजचा ॲम्प्लिफायर या नियमाने जोडला जात नाही. त्याचा अंतर्गत इंपिडन्स ओहमच्या शतांशांत मोजावा इतका अल्प ठेवतात, लोड त्याच्या शेकडो पट असतो, आणि या विषमतेमुळेच ऊर्जा वाया न जाता स्पीकरचा पडदा काबूत राहतो. योग्य संबंधासाठी संबंधी समान असावे लागतात, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

प्रतिबंधक आणि असामर्थ्य यांची गल्लत यंत्राच्या बाबतीत फार तर एक ॲम्प्लिफायर वाया घालवते. माणसाच्या बाबतीत तिने शतके व्यापली आहेत. ब्रह्मसूत्रांतील अपशूद्राधिकरणावर भाष्य करताना शंकराचार्य सांगतात की ब्रह्मविद्येच्या अधिकाराला नुसते अर्थित्व, म्हणजे इच्छा, पुरत नाही, सामर्थ्यही लागते. ते सामर्थ्य केवळ लौकिक असून भागत नाही, शास्त्रीय असावे लागते. आणि शूद्राला अध्ययनाचा निषेध असल्यामुळे त्याच्या ठायी ते नाही. या युक्तिवादात सामर्थ्य संबंधातून येते हे मान्य केलेले आहे, पण तो संबंध ज्या निषेधाने तोडला त्याची गणना प्रतिबंधकात न करता त्याचा परिणाम तेवढा व्यक्तीच्या खाती उणीव म्हणून मांडलेला आहे. आचार्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की उपनयन हे शास्त्रीय सामर्थ्याचे कारणच असल्यामुळे येथे प्रतिबंधक नसून कारणाचा अभाव आहे; परंतु तो अभाव आपोआप आलेला नसून निषेधानेच घडवलेला असल्यामुळे हा बचाव टिकत नाही. त्याच भाष्यात विदुर आणि धर्मव्याध यांना पूर्वसंस्कारांमुळे ज्ञान झाले आणि त्यांच्या बाबतीत त्याचे फळ रोखता येत नाही, अशी स्पष्ट कबुलीही आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात हाच प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला गेला: तेथे उणीव ऐकणाऱ्याच्या पदरी न घालता, तीनच वर्णांच्या कानी लागणारा वेदच कृपण ठरवला गेला, आणि ते न्यून फेडण्यासाठी तो गीतेच्या रूपाने सर्वांना सेव्य झाला असे सांगितले गेले.