वरिष्ठाने आधी विचारावं

आमच्या कंपनीच्या आतल्या नेटवर्कवर सकाळी लॉगिन केलं की आधी दिसतं ते कौतुक. कुणाला बॅज मिळालेला असतो, कुणाच्या टीमने रिलीज वेळेत दिलेला असतो, कुणी व्हीपी दोन ओळी अभिमानाच्या लिहून गेलेले असतात आणि खाली टाळ्यांच्या चिन्हांची रांग लागलेली असते. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते मी. चुका शोधणं हेच माझं पोटापाण्याचं काम. कौतुकाला माझी हरकत नाही, रात्र जागवणाऱ्याला चार चांगले शब्द मिळालेच पाहिजेत. पण बोलायला जागा सगळ्यांना आहे, मग तिथे खरं बोलण्याची सोय कुणी करायची? हा प्रश्न मला एचआरचा वाटत नाही, धम्माचा वाटतो.

२००८ साली यॅमर आलं तेव्हा त्यात एकच साधा प्रश्न होता: तुम्ही सध्या कशावर काम करताय? चार वर्षांत मायक्रोसॉफ्टने ते १२० कोटी डॉलरना विकत घेतलं. फेसबुकने २०१६मध्ये वर्कप्लेस आणलं आणि २०२४मध्ये ते बंद करणार असल्याचं जाहीर केलं. नावं बदलत राहिली, आश्वासन मात्र सगळ्यांचं तेच. कालच लागलेला ट्रेनी आणि संचालक एकाच भिंतीवर लिहितील, मधल्या पायऱ्या आड येणार नाहीत. पायऱ्या पडद्यावर दिसत नाहीत हे खरं, पण प्रत्येक नावाखाली हुद्दा लिहिलेला असतो आणि वाचणारा आधी तोच वाचतो.

मागे एका रिलीजनंतर असंच झालं. यशाची पोस्ट पडली, फोटो पडले. सपोर्टमधल्या एका मुलीने खाली लिहिलं की रविवारी रात्री डेटा नीट हललाच नव्हता, तिने आणि आणखी दोघांनी पहाटेपर्यंत नोंदी हाताने दुरुस्त केल्या, पुढच्या वेळी आधी रिहर्सल करू या. भाषा सभ्य होती, माहिती खरी होती, सूचना उपयोगाची होती. तिच्या ओळीला एकही टाळी पडली नाही. जेवणाच्या सुट्टीआधी तिला मीटिंग रूममध्ये बोलावलं गेलं, आणि चहाच्या वेळेपर्यंत ती कॉमेंट तिथे नव्हती. खोटं कुणी काही बोललं नाही. बाकीच्यांनी फक्त शिकून घेतलं.

मी देहूरोडला वाढले. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तिथल्या विहारात बुद्धमूर्ती बसवली, त्यामुळे आमच्या गावाला विहार हा नुसता जाण्या-येण्याच्या वाटेवरचा थांबा नाही. वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असतं. माझी आत्या वाचायला बसते. ती चौथीपर्यंत शिकलेली, लांब वाक्यात अडखळते. तेव्हा समोर बसलेला दहावीतला मुलगा मोठ्याने शब्द सांगतो, आत्या 'बरं' म्हणते आणि वाक्य पहिल्यापासून वाचते. कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही.

अशाच एका वर्षावासात भंतेजींनी विनयपिटकाच्या महावग्गातली गोष्ट सांगितली. कोसल देशात काही भिक्खू वर्षावासाला एकत्र राहिले. भांडणं नकोत म्हणून त्यांनी ठरवलं की आपसात बोलायचंच नाही. भिक्षेहून जो आधी येईल त्याने आसनं मांडायची, पाणी भरून ठेवायचं. जो शेवटी येईल त्याने उरलेलं खाऊन जागा झाडायची. भांडं जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं. पावसाळा निर्विघ्न गेला. श्रावस्तीला येऊन त्यांनी मोठ्या समाधानाने हे तथागतांना सांगितलं. त्यांना वाटलं शाबासकी मिळेल. बुद्धांनी त्यांना फटकारलं. जनावरं एकत्र राहतात तसे तुम्ही राहिलात आणि त्याला सुखाने राहणं म्हणता, अशा अर्थाचं ते बोलले.

आणि तिथेच त्यांनी पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी सगळ्यांनी एकत्र बसायचं. प्रत्येकाने हात जोडून, तीन वेळा, संघाला विनंती करायची: माझ्या वागण्यात काही दोष दिसला असेल, कानावर आला असेल किंवा नुसती शंका आली असेल, तर करुणेने मला सांगा, पटलं तर मी सुधारेन. सुरुवात कुणी करायची? सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने. नवखे त्याच्यानंतर. संयुत्त निकायात तर स्वतः बुद्ध पाचशे भिक्खूंपुढे विचारतात की माझ्या कृतीत, वाणीत तुम्हाला काही बोल लावण्यासारखं दिसतं का.

यातला क्रम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे 'मोकळेपणाने बोला' हे धाकट्याला सांगितलं जातं, धैर्य त्याच्याकडून मागितलं जातं. पवारणेत पहिलं धैर्य ज्येष्ठाकडून मागितलं आहे. तो स्वतःला आधी उघडा करतो, म्हणून बाकीच्यांच्या तोंडाला कुलूप राहत नाही.

सांगणाऱ्यावरही बंधनं आहेत, आणि ती सैल नाहीत. दोष दाखवायचा तर योग्य वेळी, खरा तोच, मृदू शब्दांत, समोरच्याच्या हिताचा आणि मनात मैत्री ठेवून. शिवाय आधी त्याची परवानगी घ्यायची. कंपनीच्या नेटवर्कवर राग काढणाऱ्यांनाही हे पाच निकष लावून पाहावेत. सपोर्टमधल्या त्या मुलीच्या ओळीला मी ते लावून पाहिले. एके ठिकाणीच बोट ठेवता येतं: परवानगी तिने मागितली नव्हती. पण मागायची कुणाकडे? त्या भिंतीवर कुणी ती देऊ केलीच नव्हती.

माझा एक सहकारी म्हणतो, संघाशी तुलनाच चुकीची. भिक्खूला घराचा हप्ता नव्हता, ज्येष्ठाच्या हातात त्याचं अप्रेझल नव्हतं. तो बरोबर बोलतो आणि हा आक्षेप हलका नाही. पण त्यातून निघतं ते उलटंच. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात आहे त्याला बोलणं महाग पडतं, म्हणून ज्याच्या हातात भाकरी आहे त्याचं कर्तव्य संघातल्या ज्येष्ठ भिक्खूपेक्षा वाढतं, कमी होत नाही.

दुसरी अडचण मला जास्त खुपते. विहारात बोललेला शब्द बोलून संपतो. नेटवर्कवरची ओळ सर्व्हरवर राहते आणि दोन वर्षांनी कुणीतरी ती उकरून काढू शकतं. विनयात यावरही नियम आहे: रीतसर मिटलेलं प्रकरण पुन्हा उकरून काढणं हा भिक्खूचा अपराध आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी संघांच्या कामकाजाचे नियम सांगितले, त्यात गणपूर्ती, निंदाव्यंजक ठराव, गुप्त मतदान यांच्या जोडीने हाही नियम होता, एकदा निवाडा झालेला विषय परत न काढण्याचा. गुप्ततेचीही सोय संघाने शलाका, म्हणजे मतासाठीच्या काड्या, घेऊन मत नोंदवताना ठेवली होती. म्हणून निनावी तक्रारीच्या पेटीला मी नावं ठेवत नाही. जिथे भीती आहे तिथे ती हवीच. फक्त ती पेटी भरून वाहत असताना 'आमच्याकडे मोकळं वातावरण आहे' असं कुणी म्हणू नये.

भीती नेहमी कामाच्या चुकांबद्दलचीच असते असंही नाही. गणपतीचे, दिवाळीचे फोटो भिंतीवर सहज लागतात, ते मलाही आवडतात. १४ एप्रिलला, बाबासाहेबांच्या जयंतीला, अभिवादनाचे दोन शब्द लिहिताना मात्र आमच्यातले अनेकजण थांबतात. आडनावातून जे कळत नाही ते त्या दोन शब्दांतून कळतं. एका भिंतीवर सगळे समान आहेत की नाहीत, हे मी त्या दिवशी कोण कोण गप्प आहे यावरून ओळखते.

हे सगळं ऑफिसात जमणारच नाही असं मात्र कुणी सांगू नये. आमच्याच मजल्यावरचे एक डिलिव्हरी मॅनेजर दर तिमाहीच्या शेवटी ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहितात: या तीन महिन्यांत माझं काय चुकलं? पहिल्यांदा कुणीच काही लिहिलं नाही. पुढच्या वेळी एकाने लिहिलं, संध्याकाळी सातची मीटिंग लावता, मुलांना पाळणाघरातून कोण आणणार? त्यांनी त्याच धाग्यात उत्तर दिलं, मीटिंग चारला घेतली आणि लिहिणाऱ्याचे आभार मानले. त्यानंतर त्या ग्रुपवर रिलीजमधल्या चुकाही येऊ लागल्या, आणि टेस्टिंगवाली म्हणून सांगते, ग्राहकाकडे पोचण्याआधी येऊ लागल्या.

तुमच्या नावाखाली मोठा हुद्दा असेल, तर येत्या आश्विन पौर्णिमेला एवढं करा. आतल्या नेटवर्कवर, सगळ्यांना दिसेल असं, स्वतःच्या दोषांबद्दल विचारा. कुणी काही लिहिलं तर आठवडाभर त्यावर सफाई देऊ नका, आणि त्या माणसाला मीटिंग रूममध्ये बोलावू नका.