प्रमाणांचा शेजार

विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात पदवीसाठी मान्य झालेल्या प्रबंधांची यादी असते आणि बहुतेक वाचक ती पाने न उघडताच पुढे जातात. ती थांबून वाचली तर ज्वारीवरील किडीचा जीवनक्रम, पेशवाईतील एखाद्या परगण्याची जमाबंदी, एखाद्या समीकरणाला उत्तर असते की नाही याची चिकित्सा, आणि धनगरांच्या ओव्यांतील दैवतकथा हे विषय एकाच पानावर, एकमेकांची ओळखदेख नसल्यासारखे शेजारी बसलेले दिसतात. हे दृश्य पाहून काहींना ज्ञानाच्या विस्ताराचे कौतुक वाटते. काहींना, विशेषतः सरकारी तिजोरीतून होणाऱ्या खर्चाचा हिशेब ज्यांना द्यावा लागतो त्यांना, यांतले नेमके काय उपयोगाचे आणि काय निरुपयोगी असा प्रश्न पडतो. माझ्या मते या दोन्ही प्रतिक्रिया विषयांच्या नावांपाशीच थबकतात. विषयांची विविधता ही वरवरची आहे. खरी विविधता आहे ती पुराव्यांची. प्रत्येक विद्येने कोणती साक्ष ग्राह्य धरायची आणि कोणती फेटाळायची याचा आपला स्वतंत्र कायदा केलेला असतो, आणि हे भिन्न कायदे एका आवारात नांदतात म्हणूनच विद्यापीठाला विद्यापीठ म्हणावयाचे.

ही गोष्ट आपल्या परंपरेला नवी नाही. आपल्या दर्शनकारांनी परस्परांशी वाद घालताना प्रथम प्रमेयांचा नव्हे, तर प्रमाणांचा प्रश्न निकालात काढण्याचा आग्रह धरला. चार्वाकाने प्रत्यक्षाखेरीज काहीच मानले नाही. बौद्धांनी प्रत्यक्ष आणि अनुमान एवढ्यावरच भागवले. सांख्यांनी त्यांत आप्तवचनाची भर घातली. नैयायिकांनी उपमान जोडून चार केली. आणि भाट्ट मीमांसक सहांपर्यंत गेले. ज्याची प्रमाणे भिन्न त्याचे जग भिन्न, हे ओळखूनही त्यांनी एकमेकांशी बोलणे टाकले नाही. उलट प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्वपक्ष म्हणून त्याच्याच भाषेत मांडल्यावाचून आपला सिद्धान्त मांडू नये असा दंडक घालून घेतला. आजच्या विद्यापीठात प्रमाणांची संख्या सहांवरून कितीतरी वाढली आहे, पण पूर्वपक्ष मांडण्याचा तो दंडक मात्र क्षीण झाला आहे, आणि माझी सारी चिंता त्या ठिकाणी आहे.

उदाहरणादाखल पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा इतिहास पाहावा. पेशव्यांच्या दक्षिणेच्या रकमेतून इंग्रज सरकारने १८२१ साली पुण्यात जी पाठशाळा काढली तिचा वंश पुढे या महाविद्यालयापर्यंत आला. १९३४ साली सरकारने काटकसरीच्या नावाखाली ते बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली. आणि १९३९ साली ते पुन्हा उघडले, परंतु आता पदवीपूर्व शिक्षणासाठी नव्हे, तर केवळ पदव्युत्तर अध्ययनासाठी आणि संशोधनासाठी. त्या आरंभकाळी तेथे जी मंडळी एकत्र आली त्यांची नुसती नावे घेतली तरी प्रमाणांचा शेजार म्हणजे काय ते उमजते. भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाला हसमुख धीरजलाल सांकलिया, समाजशास्त्र व मानवशास्त्राला इरावती कर्वे, ध्वनींच्या प्रायोगिक अभ्यासाला सी. आर. शंकरन्, मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यंबक शंकर शेजवलकर. एकाचा पुरावा हस्तलिखितात, दुसऱ्याचा मातीच्या थरात, तिसरीचा जिवंत माणसांच्या नात्यागोत्यांत, चौथ्याचा यंत्रावर उमटणाऱ्या उच्चारात, पाचव्याचा दफ्तराच्या रुमालात. गुजरातेत लांघणज येथे सांकलियांच्या उत्खननात मानवी सांगाडे निघाले तेव्हा त्यांची तपासणी करणाऱ्या इरावतीबाई सहकारी म्हणून हाताशी होत्या. मातीची साक्ष अपुरी पडली तेथे हाडांची साक्ष मागवता आली.

हा शेजार किती खोलवर काम करतो याचा माझ्या दृष्टीने सर्वांत बोधक दाखला शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावाचा. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले, आणि सुमारे इ. स. पूर्व १६०० पासून ७०० पर्यंत वसलेल्या एका ताम्रपाषाणयुगीन खेड्याचा संसार उघडा झाला. खणणाऱ्याला जे प्रत्यक्ष दिसते ते फार थोडे: चोपलेली जमीन, खांबांचे खळगे, चुली, खापरे, राखेचा थर. पण ती राख पाण्यात कालवली की जळून कोळसा झालेले दाणे तरंगून वर येतात, आणि ते भिंगाखाली धरून वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतो की ही माणसे प्रामुख्याने जव पिकवीत होती, जोडीला गहू, मसूर, कुळीथही होते. पावसाळी शेतीत जव आणि गहू कसे आले, असा प्रश्न मग आपोआप उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधताना नदीच्या बाजूचा बांध आणि पाण्याचा चर यांना अर्थ प्राप्त होतो. प्राणिशास्त्रज्ञ कचऱ्यातील हाडे निवडून गाईगुरे, शेळ्यामेंढ्या आणि हरणे वेगळी करतो. हाडावरील सुरीची खूण पाहून कोणते जनावर खाल्ले गेले ते ठरवतो. शरीरमानवशास्त्रज्ञ दातांच्या झिजेवरून आणि किडीवरून आहारात धान्याचा वाटा किती होता याचा अदमास बांधतो. या प्रयोगशाळांपैकी एकीनेही इनामगावासाठी आपले शास्त्र रचले नव्हते. ज्याने पहिल्यांदा बियांच्या टरफलांचे वर्गीकरण करण्यात आयुष्य वेचले त्याला, हे कशासाठी, असे कोणी विचारले असते तर तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या घोडकाठच्या कुणब्याचे नाव त्याच्या ओठी आले नसते.

परंतु या सहकार्याची केवळ गोड बाजू सांगून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण शेजाराचे खरे मोल सहमतीत नसून हरकतीत आहे. इनामगावाच्या शेवटच्या कालखंडात ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, आणि शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या व शिकार यांवर भिस्त वाढली. उत्खननकर्त्यांनी, विशेषतः मधुकर केशव ढवळीकर यांनी, याचे कारण इ. स. पूर्व १००० च्या सुमारास वाढलेल्या अवर्षणात शोधले. हे स्पष्टीकरण सुसंगत होते, दुष्काळाशी जन्माची गाठ असलेल्या आपल्या मनाला पटणारेही होते, आणि त्यामुळेच ते दीर्घकाळ प्रस्थापित राहिले. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तेथील बालकांच्या अस्थींचा अभ्यास करून, वाढ खुंटल्याच्या खुणा तपासून, आणि हवामानाचे स्वतंत्र पुरावे ताडून पाहून २०११ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्या अवर्षणाच्या उपपत्तीवरच प्रश्नचिन्ह लावले. मुलांची उपासमार हाडांत दिसते, पण आकाश आटल्याचा दाखला हवामानाच्या नोंदींत तितक्या खात्रीने मिळत नाही, असा या हरकतीचा आशय. हा वाद मिटला आहे असे मी म्हणत नाही. पण अशी हरकत घेण्याचा अधिकार दुसऱ्या विद्येला देणे आणि ती आल्यावर तिचा राग न मानणे, ही मी ज्याला विद्यापीठीय वृत्ती म्हणतो तिची कसोटी आहे.

त्याच गावाने आणखी एक मर्यादा दाखवून दिली. तेथे घराच्या जमिनीखाली मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेले आढळले, आणि मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना घोट्याखालील पावले नव्हती. मेलेला परत चालत जाऊ नये, किंवा आपले घर सोडून जाऊ नये, अशी काही समजूत यामागे असावी, असे अनुमान केले जाते. येथे दातांचा अभ्यासक गप्प आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ गप्प आहे. लोकसमजुतींचा अभ्यासक आजच्या एखाद्या रूढीकडे बोट दाखवू शकतो, पण मध्ये तीस शतके आहेत हे त्याने विसरता कामा नये. उपमान हे प्रमाण आहे, परंतु ते प्रत्यक्षाची जागा घेऊ शकत नाही.

मानव्यविद्यांतील पुरावा ढिला असतो, असा एक समज विज्ञानशाखांत रूढ आहे, आणि तो मला क्लेशकारक वाटतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पाहावी. तिचे प्रमुख संपादक विष्णु सीताराम सुकथनकर हे केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला भाषाशास्त्राकडे वळलेले. काश्मीरच्या शारदा लिपीतील पोथ्या आणि केरळच्या मल्याळम लिपीतील पोथ्या, ज्यांचा परस्परांशी संपर्क असणे दुर्घट, त्या जेथे एकच पाठ देतात तेथे तो पाठ जुना असला पाहिजे, या युक्तिवादात एखाद्या सिद्धतेची शिस्त आहे. या शिस्तीने द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला श्रीकृष्णाचा धावा मूळ संहितेतून बाजूला काढून तळटीपांत ठेवला. श्रद्धाळू मनाला ते रुचले नसेल, पण पोथ्यांची साक्ष तशी होती. त्याच शुद्ध केलेल्या संहितेचा आधार घेऊन इरावतीबाईंनी ‘युगान्त’ लिहिले, आणि नातेसंबंधांचा अभ्यास करणाऱ्या मानवशास्त्रज्ञ स्त्रीची दृष्टी कुंती, गांधारी आणि द्रौपदी यांच्यावर पडली. गणितापासून पोथीपर्यंत, पोथीपासून कुलरचनेपर्यंत, आणि तेथून ललित निबंधापर्यंत आलेली ही वाट कोणत्याही समितीने आधी आखून मंजूर केलेली नव्हती.

संशोधनाचा काळही विद्येविद्येनुसार भिन्न असतो. कत्र्यांनी १९४८ साली डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाची योजना सुरू केली. ऋग्वेदापासून पुढे सुमारे दीड हजार ग्रंथांतील शब्द संदर्भासह चिठ्ठ्यांवर उतरवले गेले, आणि त्या चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. एक चिठ्ठी हाती घ्यावी: वर शब्द, खाली तो जेथे आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव, आणि स्थलनिर्देश. अशा चिठ्ठ्या कालक्रमाने लावून शब्दाचा अर्थ शतकाशतकांत कसा वळला हे ठरवताना संपादकाला आयुर्वेद, वास्तुविद्या, अश्वचिकित्सा, राजनीती या साऱ्यांच्या दारी जावे लागते. पहिला भाग निघाला तो १९७६ साली, म्हणजे आरंभानंतर अठ्ठावीस वर्षांनी. आणि कित्येक खंड निघूनही ‘अ’ हेच आद्याक्षर चालू राहिले. या कामाला आणि पंधरवड्यात निष्कर्ष देणाऱ्या रसायनशाळेतील प्रयोगाला वर्षाकाठी किती निबंध छापले या एकाच तक्त्यात बसवणे हा सरळ अन्याय आहे. तो हल्ली सर्रास होतो. तक्ता भरणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला सर्व विभागांना एक नियम लावायचा असतो, आणि समान नियम म्हणजे न्याय अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. पण त्यामुळे मंद गतीच्या विद्या हळूहळू आपले प्रश्नच बदलतात. वीस वर्षांचा प्रश्न सोडून दोन वर्षांत सुटेल असा प्रश्न घेतात, आणि हे नुकसान कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही.

कोणती विद्या आश्रयाला पात्र, याचा निवाडा प्रत्येक काळ आपल्या समजुतीने करीत आला आहे. पेशवाईत दक्षिणा वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांनाच मिळे. १८४९ साली लोकहितवादींसारख्या सुधारकांनी त्या निधीतून मराठी ग्रंथरचनेलाही साहाय्य मिळावे असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात केवढा क्षोभ झाला आणि जोतीराव फुल्यांना अर्जदारांच्या रक्षणासाठी माणसे घेऊन उभे राहावे लागले, हे सुविदित आहे. ज्या भाषेत आज मी हे लिहितो आहे ती त्या वेळी विद्येच्या यादीत बसत नव्हती. तेव्हा आजची आपली यादी अंतिम आहे असे मानण्याचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून विद्यापीठांच्या कारभाऱ्यांपुढे मी एक छोटी तजवीज ठेवू इच्छितो. प्रत्येक प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला त्या विषयाच्या दोन तज्ज्ञांबरोबर एक तिसरा परीक्षक सर्वस्वी दुसऱ्या विद्येचा असावा. गुण देण्याचा अधिकार त्याला नसला तरी चालेल. परंतु, आपण हा पुरावा का मानता आणि कोणता पुरावा आला तर आपण आपले मत सोडाल, एवढे दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्रज्ञाला, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने इतिहासकाराला, त्याला कळेल अशा मराठीत उत्तर द्यावे. यासाठी नवी इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही, कायद्यात दुरुस्तीही लागत नाही; विभागप्रमुखांनी एकमेकांना पत्र लिहिले की पुढच्याच सत्रापासून आरंभ करता येतो.