साधनाची निर्दोषता

शस्त्राला पाप लागत नाहीं, तें चालविणाऱ्या हाताला लागतें, हें वचन आपण इतक्या वेळां ऐकतों कीं त्याची परीक्षा पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. सुरीविषयीं तें खरें असेल. पण निरोप पोंचविणाऱ्या साधनाविषयीं तें तितकेंच खरें आहे काय?

१ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा या गांवीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षेसाठीं आलेल्या पांच माणसांना जमावानें ठार केलें. मुलें पळविणारी टोळी फिरत असल्याची वदंता त्या सुमारास व्हॉट्सॲपवरून पसरली होती. मारणाऱ्यांचें पाप यामुळें तिळमात्र कमी होत नाहीं. अफवा पूर्वींही उठत. परंतु चावडीवर बातमी सांगणाऱ्याला तोंड असे. ‘तुला कोणीं सांगितलें?’ असें त्याला विचारतां येई, आणि ती खोटी ठरल्यास त्याची पत जाई. बोटाच्या एका स्पर्शानें पुढें धाडलेल्या निरोपाला धनी नसतो. तो उसना आहे, एवढी खूणही तेव्हां त्यावर नसे.

मग चुकीचा दंड भरावा कोणीं? धाडणाऱ्याला कांहींच पडत नाहीं. गांवच्या प्रतिष्ठित गृहस्थावर बालंट आलें तर त्याला ओळखणारीं शंभर माणसें पुढें होतील. भटक्याच्या बाजूनें ‘मी याला जाणतों’ म्हणणारा कोण? १८७१ च्या कायद्यानें अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. १९५२ मध्यें तो कायदा गेला, पण फिरस्त्याविषयींचा संशय गेला नाहीं. म्हणून सर्वांना सारखी गति देणारें साधन सर्वांना सारखें वागवीत नाहीं. एकाला तें सोय देतें, दुसऱ्याच्या पदरीं धोका टाकतें.

अशा हत्यांनंतर, त्याच जुलै महिन्यांत, कंपनीनें पुढें धाडलेल्या निरोपांवर खूण घातली आणि भारतांत एका वेळीं पांचच ठिकाणीं तो धाडतां येईल अशी मर्यादा घालण्याचें ठरविलें. २०२० सालीं, अनेकदां फिरलेल्या निरोपाला एकाच ठिकाणची मुभा उरली. जी गति इतक्या सहज आवरतां आली, ती निसर्गनियम नव्हती. कोणीतरी केलेली निवड होती. आणि जेथें निवड आहे, तेथें जबाबदारीही आहे.

यावर कोणी म्हणेल, हा वाणीचा संकोच होय. निरोप उघडून वाचण्याचा अधिकार सत्तेला द्यावा, असें कोणी सुचविल्यास तो आक्षेप योग्यच ठरेल, कारण बंद पाकिटाचा आसरा दुर्बलालाच अधिक लागतो. परंतु वेग आवरणें म्हणजे तोंड बांधणें नव्हे. ज्याला खरें सांगावयाचें आहे, त्याला तें पुन्हां लिहिण्याचे श्रम जड वाटूं नयेत.

साधन घडविणाऱ्यानें ‘याचा उपयोग किती जणांना होईल?’ असें विचारणें स्वाभाविक आहे. त्याआधीं त्यानें एवढें विचारावें, कीं हें चुकलें तर ज्याला ओळखणारें कोणी नाहीं, त्याचें काय होईल?