जाणकार नको, आपला माणूस हवा

सत्तेवर येणाऱ्याला आपली माणसे हवी असतात, आणि त्यात गैर काही नाही. लोकांनी ज्याला निवडून दिले, त्याचे धोरण राबवायला त्या धोरणावर विश्वास असणारी माणसे लागतातच. मात्र शत्रूच्या हालचालींचा अर्थ लावणाऱ्याच्या, सैन्याला सल्ला देणाऱ्याच्या खुर्चीवर बसवतानाही माणूस ‘आपला’ आहे का हे आधी आणि ‘जाणकार’ आहे का हे नंतर पाहिले जाऊ लागले, की देशाच्या सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेत २०२५ साली हा प्रश्न ऐरणीवर आला. फेब्रुवारीत सेनादलांचे संयुक्त प्रमुख जनरल चार्ल्स ब्राउन आणि नौदलप्रमुख ॲडमिरल लिसा फ्रँकेटी यांना पदावरून दूर केले गेले. एप्रिलमध्ये राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे प्रमुख जनरल टिमोथी हॉ गेले. मे महिन्यात राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या कर्मचारीवर्गात मोठी कपात झाली, तर जुलैमध्ये परराष्ट्र खात्याने १,३०० हून अधिक लोकांना घरचा रस्ता दाखवला. एका अध्यक्षाची लहर म्हणून हे सारे सोडून देता येणार नाही. यामागे जवळपास दोनशे वर्षांचा एक विचार आहे आणि त्याचा उगम अगदी लोकशाहीवादी आहे.

१८२९ साली अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष झाले. तोवर सरकारी पदे बहुतांशी सुखवस्तू, शिकलेल्या घराण्यांकडे असत आणि एकदा मिळालेले पद सहसा सुटत नसे. जॅक्सन यांनी काँग्रेसपुढे मांडले की सरकारी कामे साधी असतात, कोणीही समंजस माणूस ती करू शकतो. उलट फार काळ खुर्चीत बसलेला माणूस तिला स्वतःची मालमत्ता समजू लागतो. म्हणून पदे फिरती हवीत. त्यात सामान्य माणसाबद्दलचा खरा आदर होता. पण तीनच वर्षांत सेनेटर विल्यम मार्सी यांनी त्याच विचाराला उघडे रूप दिले: जो जिंकेल, लूट त्याची. टपालकचेरीपासून जकातनाक्यापर्यंतच्या नोकऱ्या पक्षकार्याचे बक्षीस झाल्या आणि त्या बदल्यात पगारातला हिस्सा पक्षाच्या तिजोरीत जाऊ लागला.

२ जुलै १८८१ रोजी चार्ल्स गिटो या माणसाने अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्रचारात केलेल्या कामाबद्दल पॅरिसमधले वाणिज्य दूताचे पद आपल्याला मिळायलाच हवे, असे त्याच्या डोक्याने घेतले होते. सप्टेंबरमध्ये गारफिल्ड वारले. त्यांच्या जागी आलेले चेस्टर आर्थर स्वतः न्यूयॉर्कच्या वशिलेबाजीच्या यंत्रणेतून वर आलेले, तरी जानेवारी १८८३ मध्ये पेंडलटन कायद्यावर सही त्यांनीच केली. परीक्षा आणि पात्रता यांवर नोकरी देण्याचे तत्त्व त्याने आणले. सुरुवातीला तो जेमतेम दहा टक्के पदांना लागू होता. कायद्याचा मसुदा करणाऱ्या डॉर्मन ईटन यांनी आधी ब्रिटनच्या सनदी सेवेचा अभ्यास केला होता. त्या सेवेत स्पर्धापरीक्षेचा मोठा प्रयोग सर्वप्रथम झाला तो हिंदुस्थानात पाठवायच्या अधिकाऱ्यांसाठी, १८५५ मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांच्या शिफारशीने होणाऱ्या नेमणुका बंद झाल्या, त्या तेव्हापासून.

अमेरिकेत पुढच्या सत्तर वर्षांत पात्रतेच्या या तत्त्वाला नवे कारण मिळाले. १९१२ च्या कायद्याने सबळ कारणाशिवाय नोकरीतून काढण्यावर बंधन आले. १९२४ मध्ये राजनैतिक आणि वाणिज्य दूतसेवा एकत्र करून परीक्षेवर आधारलेली परराष्ट्र सेवा उभी राहिली. १९४७ च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याने राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि सीआयए निर्माण केली. सरकारी कामे साधी असतात हे जॅक्सन यांचे गृहीतक इथे पुरते कोलमडले. रशियन क्षेपणास्त्रांचा अंदाज बांधणे, चिनी भाषेत चिनी माणसाशी बोलून त्याच्या देशाचे मन ओळखणे, ही चार वर्षांत शिकून होणारी कामे नव्हती. तज्ज्ञ म्हणजे आता राज्याची स्मृती होती.

आणि नेमका त्याच वेळी तज्ज्ञावर देशद्रोहाचा संशय घेतला जाऊ लागला. जॉन सर्व्हिस आणि जॉन पॅटन डेव्हिस हे परराष्ट्र खात्याचे दोन अधिकारी. दोघांचाही जन्म चीनमधल्या मिशनरी कुटुंबातला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमधून त्यांनी कळवले की चांग कै-शेक यांचे सरकार भ्रष्टाचाराने पोखरले आहे आणि कम्युनिस्टांना जनतेचा पाठिंबा वाढतो आहे. १९४९ मध्ये तेच कम्युनिस्ट सत्तेवर आले. मग वॉशिंग्टनमध्ये विचारले जाऊ लागले, की चीन ‘गमावला’ कोणी? सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या आरोपसत्राच्या त्या दिवसांत सर्व्हिस यांना १९५१ मध्ये आणि डेव्हिस यांना १९५४ मध्ये काढून टाकले गेले. सर्व्हिस यांची बडतर्फी १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली, पण तोवर खात्यातल्या प्रत्येकाला धडा मिळाला होता. खरे कळवणे महागात पडते, हा तो धडा.

त्याची किंमत पुढच्या दशकात व्हिएतनाममध्ये चुकवावी लागली. त्या युद्धाचे एक प्रमुख सूत्रधार, संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नामारा यांनी १९९५ च्या आठवणींत लिहिले आहे, की सर्व्हिस आणि डेव्हिस यांच्यासारखी माणसे आधीच हाकलली गेली होती, त्यामुळे आग्नेय आशिया जाणणारे कोणी आपल्याजवळ उरलेच नव्हते.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात १९५७ ते १९६१ या काळात पूर्व विभागाचे सेनाप्रमुख होते. ईशान्य सीमेवर चीनचा हल्ला होऊ शकतो, हद्दीलगतच्या सुट्या चौक्या टिकणार नाहीत, लढाई मागे, जिथे रसद पोहोचू शकते तिथे द्यावी लागेल, असे त्यांनी लेखी कळवले आणि १९६० मध्ये लखनौला ‘लाल किला’ या युद्धसरावात मांडूनही दाखवले. सेनाप्रमुख जनरल थिमय्या यांची आपल्यामागे थोरात यावेत अशी शिफारस होती. ती मानली गेली नाही. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या आघाडीची सूत्रे लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांच्याकडे गेली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या आणि पंतप्रधानांच्या मर्जीतले, पण रणांगणावर नेतृत्वाचा अनुभव जवळपास नसलेले, अशी त्यांची ओळख होती. पुढचा पराभव सर्वांना ठाऊक आहे. मेनन यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले.

तज्ज्ञ चुकतात, हेही मान्य केले पाहिजे. इराककडे महासंहारक शस्त्रे आहेत हा ऑक्टोबर २००२ चा अहवाल अमेरिकेच्या गुप्तवार्ता यंत्रणेनेच दिला होता आणि तो चुकीचा निघाला. नोकरशाही स्वतःचे हितसंबंध जपते, नव्या धोरणाला संथपणे अडवते, ही तक्रारही खोटी नाही. पण त्याच इराकमध्ये तज्ज्ञांना डावलण्याचा दुसरा मार्गही आजमावला गेला. हल्ल्यानंतर इराकवरचा कब्जा टिकवून ठेवायला काही लाख सैनिक लागतील, असे लष्करप्रमुख जनरल एरिक शिनसेकी यांनी सेनेटच्या समितीला सांगितले. वरिष्ठांनी ते उडवून लावले. बगदादमधल्या अमेरिकी प्रशासनात भरती करताना उमेदवाराचे गर्भपाताविषयीचे मतही विचारले जाई, असे पत्रकार राजीव चंद्रशेखरन यांनी नोंदवले आहे. मे २००३ मध्ये एका फर्मानाने इराकी सैन्य बरखास्त झाले. हाती शस्त्र आणि घरी चूल बंद, अशी लाखो माणसे एका दिवसात शत्रू झाली.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये जॅक्सन यांच्या त्या जुन्या विचाराला कायद्याची भाषा मिळाली. ‘शेड्यूल एफ’ या आदेशाने धोरणाशी संबंधित पदांवरच्या कायम अधिकाऱ्यांचे संरक्षण काढून घेण्याची वाट उघडली. पुढचे अध्यक्ष बायडन यांनी तो २०२१ मध्ये रद्द केला. २० जानेवारी २०२५ रोजी तो परत आला. अध्यक्षांना वैयक्तिक पाठिंबा देण्याची सक्ती नाही, धोरण प्रामाणिकपणे राबवावे एवढेच, असे त्यात लिहिले आहे. तेवढेच असते तर हरकत घ्यायचे कारण नव्हते. पण त्याच वर्षी जूनमध्ये संरक्षण गुप्तवार्ता संस्थेच्या प्राथमिक अंदाजाने म्हटले, की इराणचा अणुकार्यक्रम अमेरिकेच्या हल्ल्यांमुळे काही महिनेच मागे गेला आहे. कार्यक्रम पुरता उद्ध्वस्त झाला, असे अध्यक्ष सांगत होते. ऑगस्टमध्ये संस्थेचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जेफ्री क्रूज पदावरून गेले. विश्वास उरला नाही, एवढेच कारण बाहेर आले. तो अंदाज बरोबर होता की चूक, हा वेगळा प्रश्न. पुढचा अंदाज लिहिणारा अधिकारी आता वरच्याला काय आवडेल याचा विचार आधी करील, हे धोक्याचे आहे. जॅक्सन यांना खुर्ची एकाची मालमत्ता होऊ द्यायची नव्हती. दोनशे वर्षांनी त्यांच्याच विचाराचा आधार घेत सगळ्या खुर्च्या एकाच्या मालकीच्या होत आहेत.

तज्ज्ञ हवा तो नेहमी बरोबर असतो म्हणून नव्हे. अप्रिय बातमी सांगूनही ज्याची नोकरी शाबूत राहते, असा माणूस राज्यात कोणीतरी असावा लागतो, म्हणून तो हवा. होयबांनी वेढलेला राज्यकर्ता बलवान दिसतो, पण त्याला पुढचा खड्डा दिसत नाही आणि त्या खड्ड्यात पडतात ते सैनिक आणि सामान्य माणसे. १० ऑक्टोबर १९४९ रोजी सरदार पटेल संविधान सभेत सनदी सेवेच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा त्यांचा भर याच मुद्द्यावर होता: आपले मत निर्भयपणे मांडण्याचे स्वातंत्र्य असलेली सेवा नसेल, तर देश एकसंध राहणार नाही. चौकशीविना बडतर्फीपासून संरक्षण देणारे आपल्या संविधानातले ३११ वे कलम त्याच विचाराच्या वाटेवरचे आहे.

निर्णय घेण्याचा अधिकार निवडून आलेल्याचाच आहे. सल्ला ऐकून तो बाजूला सारण्याचाही आहे. पण सल्ला देणाऱ्याचे तोंड बंद करण्याचा अधिकार मतपेटीतून मिळत नाही. तो कोणी घेऊ पाहत असेल, तर मग तो राज्यकर्ता आपल्या आवडीचा असो वा नसो, नागरिक म्हणून आपण त्याला नाही म्हटले पाहिजे.