करणारा आणि करवणारा

ग्लायडरला इंजिन नसतं, पण शर्यतीला नियमपुस्तक लागतंच. अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी ते कोणतं असावं, यावर इथले वैमानिक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. पॉल मॅकक्रेडी १९५६ साली फ्रान्समध्ये जगज्जेते झाले, जॉर्ज मॉफॅट १९७० साली टेक्सासमधल्या मार्फाला. ते दिवस परत हवे असतील, तर जगात चालतात तेच एफएआयचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाचे, नियम घरीही लावा, असं एक बाजू म्हणते. दुसरी म्हणते, राष्ट्रीय स्पर्धा फक्त संघ निवडायला नसते. सुट्टी काढून येणाऱ्या हौशी माणसांचीही ती असते, आणि देशी नियम त्यांना सांभाळून घेतात.

मी पुण्याजवळ हडपसरला, दोराने ग्लायडर वर खेचणाऱ्या विंचवर उडायला शिकलो. आता टेक्सासमध्ये स्पर्धांचे गुण मोजायला बसतो. त्यामुळे माझी नजर आधी सूत्रांकडे जाते. एफएआयच्या जुन्या हजार गुणांच्या पद्धतीत वेगाला किती गुण ठेवायचे, हे किती जण वेळेत घरी पोचले त्यावर ठरतं. सगळे पोचले तर दोन तृतीयांश. बरेच जण शेतात उतरले तर वेगाचा वाटा घटतो. म्हणजे एकट्याने वाट काढणाऱ्याचं श्रेयही मागच्यांच्या नशिबाला बांधलेलं. मग शहाणा माणूस काय करतो? इतर निघेपर्यंत सुरुवातीच्या रेषेपाशी घिरट्या घालतो आणि नंतर थव्यात राहतो. अमेरिकी नियमांतल्या एका प्रकारात वैमानिक पुढची वळणं स्वतःच निवडू शकतो. स्वातंत्र्य मिळतं, पण दोघे दोन वेगळ्या आकाशांत उडाले, तर सरस कोण हे ठरवायचं कसं? एकीकडे परावलंबन, दुसरीकडे दैव. यातलं काहीही निवडा, माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती शेवटच्या काही किलोमीटरांबद्दल. धावपट्टी दिसते आहे, उंची जेमतेम पुरेल किंवा पुरणारही नाही. अलीकडच्या शेतात सुखरूप उतरलं तर वेगाचे सगळे गुण गेले. कुंपणावरून कसंबसं ओढून नेलं तर सगळे मिळाले. म्हणून अमेरिकी नियमांत शर्यत जिथे संपते त्या धावपट्टीभोवतीच्या शेवटच्या वर्तुळाला किमान उंची घातली गेली. त्याखालून आलात तर गुण कापले जातात. वाचवलेली उंची नीट उतरायला उपयोगी पडते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : वैमानिक सज्ञान आहे, धोका त्याचा, जबाबदारीही त्याचीच. ती त्याची आहेच. पण पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार मानले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती संमती दिलेली. जैन विचारातही हीच तिहेरी वाटणी आहे. काठी हातात नव्हती म्हणून कुणी सुटत नाही. गुणांची पद्धत ठरवणारा ‘करवणारा’ असतो, तिला मत देणारा ‘संमती देणारा’. फळाची आसक्ती सोड, असं गीतेच्या आधाराने वैमानिकाला सांगणं मला सोपं आहे. पण फळं वाटायला तर मीच बसलो आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. उंचीची अट घातली म्हणून मोह संपत नाही, तो वर सरकतो. वर्तुळाच्या कडेशी वैमानिकाची नजर बाहेर असायला हवी तेव्हा उंचीमापकावर खिळते, आणि आजूबाजूला इतरही त्याच कडेकडे धावत असतात. म्हणून कापायचे गुण एकदम नकोत, उंची जितकी कमी तितके हळूहळू वाढत जावेत. तरीही वर सरकलेल्या मोहाखाली मोकळी हवा असते. खालच्या मोहाखाली कुंपण.

तेव्हा माझं मत असं : टास्क, म्हणजे त्या त्या दिवशी उडायचे मार्ग, जगाचे घ्या, गुणांचं सूत्र जगाचं घ्या, शेवटची उंची मात्र आपली ठेवा. त्यामुळे परदेशात आमच्या संघाला खालून येण्याचा सराव कमी पडेल आणि त्यात पदक जाऊ शकेल, हे मला मान्य आहे. ती किंमत उघड आहे आणि आपण ती जाणूनबुजून देऊ. दुसरी किंमत, त्या कुंपणापाशी, एकच माणूस देतो, आणि तिला मत देणारे आपण तेव्हा सावलीत खुर्च्या टाकून बसलेले असतो.