चारशे होकार आणि एक नकार

शास्त्रपाठ : १ राजे २२:१-३८, १ शमुवेल १२:१-५



आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घरे नोकरीवर चालतात. कोणी वडोदऱ्याच्या कारखान्यात पाळीवर जातो, कोणी बेळगावच्या फाउंड्रीत, कोणी हैदराबादेत संगणकापुढे बसतो, कोणी इंदूर-ग्वाल्हेरकडे बँकेत, शाळेत वा इस्पितळात आहे. मोठ्या कारखान्यात पूर्वी भिंतीवर एक सूचनापेटी असे. पेटीला कुलूप असे आणि पुष्कळदा त्या कुलपाची किल्ली, ज्याच्याविषयी तक्रार करावयाची त्याच साहेबांच्या खणात असे! हल्ली पेटीऐवजी वर्षातून एकदा प्रश्नावली येते. नाव कोणास कळणार नाही, मनमोकळेपणाने लिहा, असे तीवर छापलेले असते. खाली मात्र खाते कोणते, वय किती, नोकरी किती वर्षांची, हे भरावयाचे असते. ज्या खात्यात पाचच माणसे, तेथे निराळे नाव लिहिण्याची गरज ती काय? मग मनुष्य सगळीकडे ‘समाधानी’ ह्या शब्दापुढे खूण करतो व चहाला जातो. खरे काय ते चहाच्या टपरीवर बोलतो.

ही खूण करणारा लबाड आहे, असे म्हणून मोकळे होता येईल काय? का त्याला असे करावयास शिकविणाराही कोणी आहे? पवित्र शास्त्रात ह्याच प्रश्नाचा एक अध्याय आहे. तो आज आपण लक्षपूर्वक पाहू.

अहाब राजाला रामोथ-गिलाद हे नगर अरामाच्या राजापासून परत घ्यावयाचे होते. यहूदाचा राजा यहोशाफाट त्याच्या भेटीस आला होता. दोघे राजे राजवस्त्रे लेवून शोमरोनाच्या वेशीजवळील खळ्यात सिंहासनांवर बसले आणि सुमारे चारशे संदेष्ट्यांना विचारण्यात आले, की लढाईस जावे की न जावे? चारशेच्या चारशेंनी एकच उत्तर दिले : जावे, जय तुझाच आहे. आजच्या भाषेत बोलावयाचे तर शंभर टक्के कर्मचारी समाधानी!

पण यहोशाफाटाला ते पटले नाही. परमेश्वराचा आणखी कोणी संदेष्टा येथे नाही काय, असे त्याने विचारले. अहाब म्हणाला, एक आहे, इम्लाचा पुत्र मीखाया. पण मला त्याचा तिटकारा आहे, कारण तो माझ्याविषयी कधी बरे बोलत नाही. बंधूंनो, राजाचे हे बोलणे नीट ऐका. मीखाया खोटे बोलतो, असे तो म्हणत नाही. तो बरे बोलत नाही, एवढीच त्याची तक्रार आहे.

मीखायाला आणावयास गेलेल्या जासुदाने वाटेत त्याला सल्ला दिला, की सगळ्यांनी एकमुखाने राजाला अनुकूल असेच सांगितले आहे, तूही तसेच सांग. हा जासूद दुष्ट नव्हता. प्रत्येक कचेरीत असा एक जुना, अनुभवी, मायाळू मनुष्य असतो. नव्याने लागलेल्या मुलाला तो बाजूला घेऊन सांगतो, ‘बाळ, तोंड उघडू नकोस, तुझ्याच भल्यासाठी सांगतो.’ भीती अशी प्रेमाच्या वाटेनेही येते.

पुढे जे झाले ते फार विचार करण्याजोगे आहे. राजापुढे उभा राहिल्यावर मीखायाही आरंभी तेच म्हणाला, की जा, तुला यश येईल. राजाने ते ताबडतोब ओळखले! सत्यावाचून दुसरे काही सांगू नकोस अशी शपथ तुला किती वेळा घालू, असे तो त्याला म्हणाला. म्हणजे चारशे होकारांची किंमत अहाबाला ठाऊक होती. आपल्याला खोटे सांगितले जाते हे वरच्या माणसाला पुष्कळदा कळत असते. मग मीखायाने खरे सांगितले : मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे सर्व इस्राएल डोंगरांवर पांगलेले मी पाहिले. त्याबद्दल त्याला काय मिळाले? सिद्कीयाने सर्वांदेखत त्याच्या थोबाडीत मारली आणि राजाने त्याला तुरुंगात टाकून थोड्याशा भाकरीपाण्यावर ठेवण्याची आज्ञा केली.

त्या दिवशी खळ्यात जमलेल्या प्रत्येकाने एक धडा घेतला. राजा सत्य मागतो, शपथ घालून मागतो, आणि सांगणाऱ्याला कोंडतो. असा धडा एकदा दिला की पुढे दहा वर्षे प्रश्नावल्या वाटल्या तरी उत्तर बदलत नाही.

हे फार जुने झाले असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्याच काळातील एक गोष्ट पाहू. अमेरिकेतील बोइंग ही विमाने बांधणारी फार मोठी कंपनी. तिच्या ७३७ मॅक्स जातीचे एक विमान २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जाकार्ताहून निघाल्यावर समुद्रात कोसळले. १८९ माणसे मेली. १० मार्च २०१९ रोजी त्याच जातीचे दुसरे विमान इथिओपियात आदिस अबाबाहून निघाल्यावर काही मिनिटांतच पडले. १५७ माणसे मेली. त्यांत आपले देशबांधवही होते. विमानाचे नाक आपोआप खाली दाबणारी एक यंत्रणा एकाच मापकाच्या चुकीच्या आकड्यावरून चालू झाली होती, आणि पहिल्या अपघातापूर्वी ह्या यंत्रणेची माहिती वैमानिकांच्या पुस्तिकेतही दिलेली नव्हती.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या समितीने सप्टेंबर २०२० मध्ये ह्या प्रकरणाचा अहवाल दिला. त्यात एक लहानशी पण हृदय हलवणारी नोंद आहे. सरकारच्या वतीने विमानाची तपासणी करण्याचा अधिकार कंपनीतीलच काही नोकरांना दिलेला असतो. पहिल्या अपघाताच्या दोन वर्षे आधी, २०१६ साली, कंपनीने त्यांचे मत अजमावले होते. उत्तर देणाऱ्यांपैकी शेकडा ३९ जणांनी आपल्यावर गैरवाजवी दडपण येत असल्याचे कळविले आणि शेकडा २९ जणांनी दडपणाची तक्रार केल्यास आपले काय होईल अशी धास्ती व्यक्त केली. म्हणजे प्रश्न विचारला गेला होता, उत्तरही आले होते. कागद कंपनीच्याच कपाटात होता!

रेंटन येथील ७३७ च्या कारखान्यात एड पिअर्सन नावाचे एक वरिष्ठ व्यवस्थापक होते. माणसे थकली आहेत, कामे मागे पडली आहेत, घाईत चुका होत आहेत, हे पाहून जून २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वरिष्ठांस लिहिले, की काही काळ उत्पादन थांबवावे. पुढे प्रत्यक्ष भेटीत त्यांनी सांगितले, की लष्करात ह्याहून लहान कारणासाठीही काम थांबविले जाते. डिसेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहापुढे दिलेल्या साक्षीप्रमाणे त्यांना उत्तर मिळाले, की लष्कर ही काही नफा मिळवणारी संस्था नव्हे. त्याच ऑगस्टमध्ये ते निवृत्त झाले. दोन महिन्यांनी पहिले विमान पडले. न्यायाने सांगावयाचे तर अपघातांचे मूळ त्या यंत्रणेच्या आखणीत असल्याचे चौकशीत दिसले, आणि पिअर्सन यांचा इशारा कारखान्यातील कामाविषयी होता. परंतु न ऐकण्याची सवय एका खात्यापुरती राहत नाही.

५ जानेवारी २०२४ रोजी त्याच कंपनीच्या एका नव्या विमानाच्या बाजूचा, दरवाजाच्या जागी बसविलेला तुकडा आकाशात निखळून पडला; देवाच्या दयेने कोणी मेले नाही. तो धरून ठेवणारे चार बोल्ट बसविलेलेच नव्हते. पुढच्याच महिन्यात, २०२० च्या कायद्यान्वये नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचा अहवाल बाहेर आला. मंडळाने ४,००० हून अधिक पाने वाचली होती, २५० हून अधिक मुलाखती घेतल्या होत्या. सुरक्षिततेविषयी वरचे अधिकारी जे समजतात आणि खालची माणसे जे अनुभवतात, त्यांत मोठे अंतर आहे, असे त्यास आढळले. तक्रारीसाठी एकाहून अधिक वाटा होत्या, पण तक्रारीची चौकशी कधी त्याच साखळीतल्या वरिष्ठाकडे जाई, आणि आपले नाव गुप्त राहील असा भरवसा माणसांना नव्हता. पाहा, पेटीची किल्ली पुन्हा त्याच खणात!

बंधुभगिनींनो, ह्या अध्यायात आपण स्वतःला कोठे पाहतो? आम्ही पुष्कळ विचार केला तेव्हा असे वाटले, की आपल्यापैकी थोडेच अहाब आहेत आणि त्याहून थोडे मीखाया. बहुतेक आपण यहोशाफाट आहोत. तो देवभीरू होता. खरा संदेष्टा बोलवा असा आग्रह त्यानेच धरला. मीखाया त्याच्याच शब्दामुळे खळ्यात आला. पण मीखायाच्या थोबाडीत बसली तेव्हा यहोशाफाट काही बोलला अशी नोंद नाही. त्याला तुरुंगात नेले तेव्हाही नाही. आणि सर्व ऐकून तो अहाबाबरोबर लढाईला गेला! त्या लढाईत त्याचाच जीव जावयाचा, पण वाचला. घरी परतल्यावर हनानीचा पुत्र येहू ह्याने त्याला दोष दिला, हे आपण २ इतिहास १९ मध्ये वाचतो. सभेत एकटा सहकारी उठून खरे बोलतो, बाकीचे वहीत डोके घालतात, आणि मग जिन्यात त्याचा हात दाबून म्हणतात, ‘बरे झाले तू बोललास.’ हे यहोशाफाटाचे पाप होय.

आता तीन गोष्टी सांगतो.

पहिली, ज्यांच्या हाताखाली माणसे आहेत त्यांना. तुम्ही फोरमन असा, मुख्याध्यापिका असा, व्यवस्थापक असा; शमुवेलाकडे पाहा. म्हातारपणी तो सर्व लोकांपुढे उभा राहिला आणि त्याने विचारले, की मी कोणाचा बैल घेतला, कोणाला फसविले, कोणाच्या हातून लाच घेतली? ते सांगा, म्हणजे मी भरून देईन. त्याने हे परमेश्वरासमक्ष व राजासमक्ष विचारले, म्हणजे किल्ली स्वतःजवळ ठेवली नाही. आणि भरून देण्याचे वचन प्रश्नाबरोबरच दिले. जपानच्या टोयोटा कारखान्यात पूर्वी कामाच्या रांगेवर एक दोरी असे. दोष दिसला की साधा कामगारही ती ओढी. लगेच त्याचा पुढारी मदतीस येई, आणि दोष वेळेत दूर झाला नाही तर रांग थांबे. दोरी ओढणाऱ्याला पहिल्या दिवशी रागावले, तर दुसऱ्या दिवसापासून दोरी नुसती लोंबत राहील. म्हणून कोणी कडू सांगितले तर त्याच आठवड्यात त्यातील एक तरी गोष्ट दुरुस्त करा. माणसे भाषणावर विश्वास ठेवीत नाहीत, दुरुस्तीवर ठेवतात.

दुसरी, जे हाताखाली आहेत त्यांना. खरे बोल, तुला काहीच होणार नाही, असे आम्ही सांगणार नाही; कारण शास्त्र तसे सांगत नाही. मीखाया तुरुंगातून सुटला की नाही, हे त्या अध्यायात लिहिलेले नाही. घराचा हप्ता, मुलांची फी, म्हातारे आईबाप, हे सारे देवाला ठाऊक आहे. पण जेथे कोणाच्या जिवाचा प्रश्न आहे, यंत्राचे संरक्षक झाकण, औषधाची तारीख, विजेची तार, तेथे ‘समाधानी’ अशी खूण करू नका. एकटे जाऊ नका, दोघे-तिघे मिळून जा. पाहिले तेवढेच सांगा, तारखेसह लिहून ठेवा. आणि इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय शिकवितो त्याप्रमाणे ते प्रीतीने सांगा. मीखायाने अहाबाचा अपमान केला नाही. मेंढरांची दशा सांगितली. टपरीवरची निंदा आणि साहेबांपुढचे सत्य ह्यांत हाच फरक आहे.

तिसरी, मंडळीला. खरे बोलल्यामुळे आपल्यातील कोणाची बढती अडली, बदली झाली, नोकरी गेली, तर ती त्याच्या एकट्याची गोष्ट समजू नका. मीखायाला थोडीशी भाकर व थोडेसे पाणी राजाने दिले. आपल्या मीखायाला भाकर कोण देईल? मंडळीने दिली पाहिजे : प्रार्थनेने, भेटीने आणि गरज पडल्यास पैशानेही. तसेच आपल्या वार्षिक सभेत हिशेबाविषयी कोणी प्रश्न विचारला तर त्याला भांडखोर म्हणून खाली बसवू नका. देवाच्या घरात जर दोरी ओढता येत नसेल, तर कारखान्याला आपण काय शिकविणार?

अहाबाने शेवटी वेष पालटला. लोकांचे तोंड बंद केले तसे आपले तोंडही लपविले. पण कोणा एकाने सहज सोडलेला बाण चिलखताच्या सांध्यातून शिरला आणि संध्याकाळी तो मेला. चारशे होकारांनी त्याचे रक्षण झाले नाही. त्याला वाचवू शकला असता असा एकच मनुष्य राज्यात होता, आणि त्याला त्याने स्वतःच कोंडून ठेवले होते.

प्रार्थना : हे प्रभू, तूच सत्य आहेस. ज्यांना तू इतरांवर नेमले आहेस त्यांना ऐकणारे कान दे. जे भितात त्यांना धैर्य व सोबती दे. दुसऱ्याला मार बसत असता गप्प राहणाऱ्या आम्हांस क्षमा कर, आणि आमच्या मंडळ्या अशा कर की त्यांत खरे बोलणारा उपाशी व एकटा राहणार नाही. येशूच्या नावाने मागतो. आमेन.